अरण्याच्या मुळाशी



वर्गातील मुलांना झाडाचे चित्र काढावयास सांगितले, म्हणजे ती खोड, फांद्या, पाने आणि फळे मोठ्या हौसेने रेखाटतात. मुळांच्या वाट्याला मात्र तळाशी चार रेघा येतात. शास्त्रज्ञांची स्थितीही दीर्घ काळ फारशी निराळी नव्हती. त्यांची दृष्टी जमिनीखाली वळली, ती एका खाद्यपदार्थाच्या निमित्ताने.

ट्रफल हे ओक, बीच इत्यादी वृक्षांच्या मुळांपाशी जमिनीत वाढणारे एक अळंबे होय. युरोपात त्याला मोठी किंमत येते. त्याची लागवड आपल्या राज्यात करता येईल काय, हे शोधण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविले. मुळे तपासताना फ्रांक यांना विलक्षण गोष्ट आढळली. बारीक मुळांची टोके बुरशीच्या तंतूंनी मोज्यासारखी वेढलेली होती, आणि तरीही झाडे निरोगी होती! १८८५ साली त्यांनी या जोडीला 'मायकोरायझा', म्हणजे कवकमूळ, असे नाव दिले. बुरशी झाडाला पाणी व क्षार पुरविते आणि झाड बुरशीला पोसते, असे त्यांचे प्रतिपादन होते. बुरशी म्हणजे रोग, ही समजूत दृढ असल्यामुळे पुष्कळांनी ते मानले नाही. तेव्हा फ्रांक यांनी पाइनची रोपे दोन प्रकारच्या मातीत वाढविली. निर्जंतुक केलेल्या मातीतील रोपे मागे पडली. मूळ मातीतील रोपे जोमाने वाढली. बुरशी ही वृक्षाची दाई ठरली.

परंतु बुरशीचे दुसरे रूपही आहे. पनामातील बारो कोलोराडो बेटावर अवघ्या ५० हेक्टरांत वृक्ष-झुडपांच्या सुमारे ३०० जाती नांदतात. त्यांतील एखादी बलिष्ठ जात इतरांना हुसकावून सारे रान का व्यापीत नाही? अशा उष्ण प्रदेशांतील वनांविषयी १९७० साली डॅनियल जॅन्झेन यांनी आणि १९७१ साली जोसेफ कॉनेल यांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर सुचविले. बी सर्वांत अधिक पडते ते मातृवृक्षाखाली; पण त्या जातीचे शत्रूही तेथेच दबा धरून असतात. म्हणून आईच्या सावलीतील रोपे मरतात, दूर पडलेली जगतात, आणि मोकळी झालेली जागा परक्या जातीला मिळते.

हे शत्रू कोणते? मध्य अमेरिकेतील बेलीझ देशाच्या चिकिबुल अरण्यात याची कसोटी झाली. संशोधकांनी जमिनीच्या काही तुकड्यांवर कीटकनाशक आणि काहींवर बुरशीनाशक फवारले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कीटक हटविल्याने रोपांची संख्या वाढली व जातींचे प्रमाण बदलले. परंतु जातींची विविधता घटली ती केवळ बुरशी हटविल्याने, आणि तीही १६ टक्क्यांनी. जी बुरशी रोपांचा बळी घेते, तीच अरण्याची विविधता राखते, असा याचा अर्थ.

मग ओक, बीच, पाइन यांची एकसुरी वने कशी टिकतात? उत्तर अमेरिकेतील ५५ वृक्षजातींवरील प्रयोगांनी २०१७ साली याचा उलगडा केला. ज्यांच्या मुळांवर फ्रांक यांनी पाहिलेले बुरशीचे आवरण असते, त्यांची रोपे स्वजातीच्या वृक्षाखालील मातीतही चांगली वाढतात. ते आवरण रोगापासून मुळांचे रक्षण करीत असावे. ज्यांची साहाय्यक बुरशी मुळाच्या आत शिरते आणि बाहेर आवरण धरीत नाही, त्या वृक्षांची रोपे मात्र स्वजातीच्या मातीत खुरटतात. पहिल्या प्रकारात एका जातीचे राज्य सुलभ होते, दुसऱ्यात अनेक जातींचा सहवास. रक्षक आणि भक्षक यांच्यातील तोल कोणीकडे झुकतो, यावर वनाचे रूप पुष्कळसे अवलंबून असते.

यातून एक व्यावहारिक बोध मिळतो. पोर्तो रिको बेटावर पाइनची लागवड वारंवार फसली. पाइनच्या रानातील माती आणून मिसळली, तेव्हा कोठे रोपांनी बाळसे धरले. रान तोडले असता झाडे पुन्हा लावता येतात. परंतु खरवडून वाहून गेलेल्या मातीबरोबर दाई आणि शत्रू दोन्ही जातात. उरते ती झाडांची रांग. तिला अरण्य म्हणता येणार नाही.