नोंदणीचे दार

साथीच्या रोगाशी झुंजताना औषधाइतकीच नोंदवहीचीही गरज असते. कोणास लस टोचली, केव्हा टोचली, कोणाची राहिली, हे ठाऊक नसेल तर साठा असूनही तो गरजवंतापर्यंत पोचत नाही. भारतासारख्या विशाल देशात कोरोनाच्या साथीत ही नोंदवही संगणकावर उघडली गेली. त्या प्रयोगाचा इतिहास विचार करावयास लावणारा आहे.

त्याचा पाया साथीपूर्वीच घातलेला होता. लसींचा साठा व शीतपेटीतील तपमान यांची वार्ता भ्रमणध्वनीवरून कळविणारी ‘ईविन’ ही व्यवस्था २०१५ पासून देशात उभी राहत होती. तिच्याच आधारावर ‘कोविन’ची रचना झाली. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणास प्रारंभ झाला. प्रत्येक मात्रेची नोंद होऊ लागली. लस घेणाऱ्यास प्रमाणपत्र मिळू लागले. १ मार्चपासून वृद्धांची पाळी आली, तेव्हा केंद्रावर जाऊन नाव घालण्याचीही सोय होती.

खरी कसोटी १ मे रोजी लागली. १८ ते ४४ वर्षांच्या नागरिकांस लस खुली झाली. परंतु त्यांनी आधी आंतरजालावर नाव नोंदवून वेळ ठरवून घेणे आवश्यक होते. लस अपुरी आणि मागणारे कोट्यवधी! उपलब्ध वेळा पाहता पाहता भरून जात. ज्याच्या हाती चांगला फोन आणि ज्यास इंग्रजीचा सराव, तो पुढे सरके. शेतमजूर, गवंडी, मोलकरीण मागे राहत. शहरांतील तरुण खेड्यांतील केंद्रांवर वेळ मिळवून तेथे जाऊ लागले, आणि गावकरी आपल्याच गावी ताटकळत राहिले. यंत्राने कोणाची श्रीमंती विचारली नव्हती. तरीही पंक्तिप्रपंच व्हावयाचा तो झालाच.

ही उणीव ध्यानात येण्यास फार काळ लागला नाही. २४ मे रोजी ह्या वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागीच नोंदणीची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात ह्या डिजिटल दरीवर बोट ठेवले. जूनमध्ये कोविन मराठीसह अनेक भारतीय भाषांत वाचता येऊ लागले, आणि २१ जूनपासून सर्वच केंद्रांवर जागीच नोंदणीची सोय झाली. नोव्हेंबरमध्ये ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आरोग्यसेविका घरोघर जाऊन राहिलेल्यांचा शोध घेऊ लागल्या. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठला गेला होता. १७ जुलै २०२२ रोजी तो दोनशे कोटींवर गेला.

एवढ्या मात्रांचा हिशेब ठेवणे कागदी वह्यांना झेपणारे नव्हते, हे श्रेय यंत्राचे आहेच. परंतु ज्यास फोन चालविता येत नाही त्याचे नाव विचारून लिहून घेणारा माणूस केंद्रावर बसला, तेव्हाच ती नोंदवही सर्वांची झाली. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा त्या माणसाची जागा पहिल्या दिवसापासून राखून ठेविली पाहिजे.