सटन हू उत्खनन (१९३८–३९)

इंग्लंडमधील सफोक परगण्यातील टेकाडांचे हे उत्खनन अँग्लो-सॅक्सन नौकासमाधीमुळे विख्यात असले, तरी व्यावसायिक आणि हौशी संशोधकांच्या सहकार्यात वर्ग व लिंग यांवरून श्रेयाची वाटणी कशी होते, याचेही ते बोलके उदाहरण होय. जमिनीच्या मालकीणबाई इडिथ प्रिटी यांनी कामावर ठेवलेले बेसिल ब्राउन हे बाराव्या वर्षीच शाळा सुटलेले, स्वयंशिक्षित गृहस्थ. लाकूड कुजून वाळूत केवळ ठसा उरलेल्या, सुमारे २७ मीटर लांबीच्या नौकेचा आकार त्यांनी लोखंडी खिळ्यांच्या रांगा जागच्या जागी राखून विलक्षण हळुवारपणे उकलला. जुलै १९३९ मध्ये केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ चार्ल्स फिलिप्स यांच्या हाती उत्खननाची सूत्रे जाताच दफनकक्षाचे काम ब्राउन यांच्याकडून काढून घेण्यात आले, हे अन्याय्यच म्हटले पाहिजे. तेथे सोन्याची पहिली वस्तू सापडली ती पेगी पिगट यांना. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या या विदुषीचा उल्लेख मात्र पुष्कळदा पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांच्या पत्नी एवढाच होत राहिला. मर्सी लॅक आणि बार्बरा वॅगस्टाफ या शिक्षिकांनी त्या ऑगस्टमध्ये टिपलेली शेकडो छायाचित्रे, त्यांतील काही रंगीतही, हे त्या नौकेचे अमोल दप्तर होय. मालकीच्या चौकशीत पंचांनी प्रिटी यांचेच ठरविलेले हे घबाड त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दान केले.