प्लाझ्माद्वारे हायड्रोकार्बनांचे ऑक्सिडीभवन (हौशी प्रयोग)

पेट्रोल, ब्यूटेन अशा हायड्रोकार्बनांची वाफ हवेत मिसळून विद्युत् विसर्जनातून (म्हणजेच प्लाझ्मातून) नेली असता होणारी विक्रिया. विसर्जनातील वेगवान इलेक्ट्रॉन रेणूंवर आदळून आणवीय ऑक्सिजन व मुक्त मूलके निर्माण करतात. त्यामुळे सर्व वायू ज्वलनाइतका न तापवताही ऑक्सिडीभवन घडते. ऑक्सिजन पुरेसा असल्यास मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी, अपुरा असल्यास हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि काजळी मिळते. हवेतील नायट्रोजनपासून विषारी ऑक्साइडेही बनतात.

व्हेर्नर फोन सीमेन्स यांचे १८५७ चे ओझोननिर्मितीचे विसर्जनपात्र हे या विक्रियेच्या उपकरणांचे पूर्वज. हौशी मंडळींना मात्र सरकती प्रज्योत अधिक भावते. वर फाकत जाणाऱ्या दोन विद्युत् अग्रांमधील सर्वांत अरुंद जागी ती पेटते, वायूच्या झोताबरोबर वर चढत लांबते, विझते आणि पुन्हा खाली पेटते. ती दिसते मोहक, हेही तिच्या लोकप्रियतेचे कारण असावे. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील 'प्लाझ्माट्रॉन' या उपकरणाचा हेतू अधिक व्यावहारिक होता : वाहनावरच इंधनापासून हायड्रोजनयुक्त वायू तयार करून प्रदूषण घटवणे.

अशा उपकरणाने मायलेज कैक पटींनी वाढते, हा दावा टिकत नाही. आंशिक ऑक्सिडीभवनात इंधनाची काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने आधीच खर्च होते. वर विजेचा खर्च वेगळा.

हवेत पेट्रोलची वाफ घनफळाने सुमारे १.४ ते ७.६ टक्के असली की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विसर्जनासाठी लागणाऱ्या उच्च विद्युत् दाबाच्या रोहित्राचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. हा प्रयोग घरी करू नये.