एमडी-१० च्या डाव्या गिअरमधील छिद्र

मालवाहू विमानाच्या लँडिंग गिअरचा, म्हणजे जमिनीवर टेकताना विमानाचा भार पेलणाऱ्या चाकांच्या यंत्रणेचा, बिघाड तपासण्याची रीत समजून घेण्यासाठी फेडएक्स या अमेरिकन कंपनीच्या एमडी-१० विमानांचे तीन अपघात एकत्र अभ्यासणे उपयुक्त ठरते. ही मूळची डीसी-१० विमाने होती. पुढे मालवाहतुकीसाठी त्यांची फेररचना झाली आणि नव्या कॉकपिटमुळे तिघांऐवजी दोघेच ती चालवू लागले.

१८ डिसेंबर २००३ रोजी मेम्फिस येथे यांपैकी एका विमानाचा उजवा मुख्य गिअर मोडला, तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने आडव्या वाऱ्यातील सहवैमानिकाची सदोष हाताळणी आणि कॅप्टनची अपुरी देखरेख ही कारणे दिली. २८ जुलै २००६ रोजी त्याच विमानतळावर दुसऱ्या विमानाचा डावा गिअर मोडला. या वेळी मात्र तपास धातूपाशी येऊन ठेपला. गिअरच्या खांबात तेल आणि दाबाखालील वायू असतो व त्यामुळे उतरतानाचा धक्का शोषला जातो. हा वायू भरण्यासाठी बाहेरच्या पोलादी सिलिंडरला झडपेचे एक लहानसे छिद्र ठेवलेले असते. तडा त्या छिद्रातच सुरू झाला होता आणि तो धातूच्या थकव्याचा होता, म्हणजे एकाच मोठ्या आघाताने नव्हे, तर वारंवार येणाऱ्या ताणाखाली कणाकणाने वाढलेला. त्याचे कारण असे: ओव्हरहॉल करताना, म्हणजे गिअर सुटा करून त्याची संपूर्ण दुरुस्ती करताना, दिलेला निकेलचा मुलामा नको तेथे, छिद्राच्या आत, शिरला होता, आणि तो तेथे जाऊ नये यासाठीची कार्यपद्धतीच अपुरी होती.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी फोर्ट लॉडरडेल येथे तिसऱ्या विमानाचा डावा गिअर मोडून पंखाला आग लागली. दोन्ही वैमानिक बचावले. तडा पुन्हा झडपेच्या छिद्रातच सापडला, त्यामुळे जुनेच निदान पुन्हा मांडणे सोपे होते. परंतु तपासाचे खरे श्रेय असे, की या वेळी तड्याचे मूळ निकेलमध्ये नव्हे, तर गंजाच्या एका बारीक खड्ड्यात असल्याचे त्याने दाखवून दिले. पोलादाला गंजापासून वाचवणारा कॅडमियमचा आवश्यक थर त्या जागी नव्हताच. तो का नव्हता, हे उपलब्ध पुराव्यांवरून ठरवता आले नाही. मंडळाने मग दुरुस्तीच्या कामापलीकडे जाऊन वेळापत्रकाकडे बोट दाखवले: उत्पादकाने ओव्हरहॉलसाठी ८ वर्षांची मर्यादा सुचवली असताना कंपनीने ती ९ वर्षांपर्यंत वाढवली होती, आणि तडा तुटण्याच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी हाती लागेलच, अशी खात्री देण्याइतकी माहिती व विश्लेषण त्या वाढीमागे नव्हते.