तऱ्हाळ्याची नाणी : हलक्या धातूची मोलाची साक्ष

जुनी नाणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सोन्याच्या मोहरा उभ्या राहतात. परंतु आपल्या विदर्भात तीन विस्मृत राजांची नावे उजेडात आणली ती सोन्याने नव्हे, तर पोटीन नावाच्या हलक्या मिश्रधातूने.

१९३९ साली तत्कालीन अकोला (आता वाशीम) जिल्ह्यातील मंगरूळ तालुक्यात, तऱ्हाळा या गावी सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. तांबे, कथील व शिसे यांच्या मिश्रणाची ही नाणी. एका बाजूस हत्ती व भोवती ब्राह्मी लिपीत राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले उज्जैन चिन्ह. नागपूरचे थोर संशोधक म. म. वा. वि. मिराशी यांनी त्यांचा अभ्यास केला. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही परिचित नावे तर त्यांत होतीच. शिवाय पुराणांतील वंशावळीत नसलेले कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे राजेही प्रकट झाले.

त्याच शतकांत रोमन साम्राज्याच्या पूर्व भागातील शेकडो शहरे आपापली ब्राँझची नाणी पाडीत असत. एका बाजूस बहुधा सम्राटाचे मुख, दुसऱ्या बाजूस गावचे दैवत वा मंदिर आणि लेख बहुतेक ग्रीक. रोमचे सोने-चांदी व्यापाराबरोबर थेट भारतापर्यंत आले; ब्राँझ मात्र बहुतांशी आपल्याच बाजारात फिरत राहिले. म्हणूनच ते त्या त्या गावाची खरी हकीकत सांगते.

आपल्या पोटीनचेही तसेच आहे. हलके नाणे फार दूर जात नाही. ते कोठे सापडले यावरून कोणाची सत्ता कोठवर होती, याचा अंदाज बांधता येतो. पण तेच नाणे भंगारात वितळले, किंवा साठ्यातून सुटून विकले गेले, तर ती साक्ष कायमची बुडते.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा : शेत नांगरताना वा पाया खणताना असा ठेवा मिळाला, तर तो घासू नका, वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, आणि लपविणाऱ्यास शिक्षाही आहे. पण शिक्षेच्या भयापेक्षा ज्ञानाची चाड मोठी मानावी. तऱ्हाळ्याचा साठा भट्टीत गेला असता, तर ते तीन राजेही त्याबरोबर वितळले असते.