दोन ‘सी’मधली रेघ

शाळेत मिथेन काढायला सांगितला, की मुलं वहीत मधोमध ‘सी’ लिहितात, चार बाजूंना चार ‘एच’ मांडतात आणि मधल्या जागेत चार रेघा ओढतात. या रेघांचं श्रेय ज्याला सर्वांत आधी मिळायला हवं होतं, त्याचं नाव पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतं.

आर्किबाल्ड स्कॉट कूपर हा स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉकचा. 1858 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो पॅरिसला रसायनशास्त्रज्ञ वुर्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत होता. कार्बनची संयुजा चार असते, आणि कार्बन दुसऱ्या कार्बनशीही जोडला जातो म्हणून त्याच्या साखळ्या बनतात, हे त्याने ओळखलं. अणूंच्या चिन्हांमध्ये रेघा ओढून दाखवलंही. निबंध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे जायचा होता, आणि तो सदस्यानेच मांडावा लागे. वुर्ट्झ मात्र अकादमीचे सदस्य नव्हते, आणि काम लांबत गेलं. तेवढ्यात जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यांचा तोच विचार मांडणारा लेख जर्मनीत छापून आला. कूपरचा निबंध अकादमीचे सदस्य ड्यूमा यांनी अकादमीपुढे ठेवला तो 14 जूनला.

कूपर वुर्ट्झ यांच्याशी भांडला आणि त्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. मायदेशी परतल्यावर पुढच्याच वर्षी त्याचं मन ढासळलं. त्यानंतरची तीसेक वर्षं, 1892 मध्ये मरेपर्यंत, त्याच्या हातून रसायनशास्त्राचं काही झालं नाही. त्याला विस्मृतीतून बाहेर काढलं ते बॉनमध्ये केकुले यांच्याच जागेवर आलेल्या रिचर्ड आन्शुट्झ यांनी. आपल्या गुरूच्या प्रतिस्पर्ध्याला न्याय देणारा असा शिष्य विरळाच.

रेघ मात्र थांबली नव्हती. 1862 मध्ये रसायनशास्त्रज्ञ एर्लेनमायर यांनी इथीनमध्ये दुहेरी आणि इथाईनमध्ये तिहेरी बंध सुचवला. 1865 मध्ये हॉफमन यांनी लंडनच्या व्याख्यानात क्रोकेच्या चेंडूंना काड्या जोडून रेणू उभे केले: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा. शाळेतल्या प्रतिकृतींत हेच रंग आजही दिसतात. 1874 मध्ये व्हान्ट हॉफ यांनी कार्बनचे चार बंध सपाट कागदावरून उचलून चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे वळवले.

पण रेघेत असतं तरी काय? उत्तर 1916 मध्ये अमेरिकेच्या गिल्बर्ट लुईस यांनी दिलं: दोन अणूंनी सामाईक वापरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. रेघा वाढल्या, की अणू जवळ ओढले जातात. एकच रेघ असलेल्या इथेनमध्ये दोन कार्बनांतलं अंतर 1.54 अँगस्ट्रॉम, इथीनमध्ये 1.34, इथाईनमध्ये 1.20. तरीही इथीनमधला दुसरा बंध पहिल्याइतका पक्का नसतो. तो सुटला, की एका रेणूचा कार्बन शेजारच्या रेणूच्या कार्बनशी जोडला जातो, आणि अशा हजारो रेणूंची साखळी बाजारात पॉलिथिनची पिशवी होऊन येते.