बहात्तर तास, पण कधीपासूनचे?

‘पुढचे बहात्तर तास काही सांगता येणार नाही.’ सिनेमातला डॉक्टर चष्मा काढत हे वाक्य टाकतो तेव्हा ती पटकथाकाराची सोय वाटते. हृदय थांबून मेंदूचा प्राणवायू तुटलेल्या रुग्णांपुरतं तरी या आकड्याला खरंखुरं कूळ आहे.

१९६० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध झाली. थांबलेली हृदयं धडधडू लागली, पण कित्येकांचे डोळे उघडेनात. प्राणवायूविना मेंदूच्या पेशी काही मिनिटांतच मरू लागतात. मग खाटेशेजारी एकच प्रश्न उरायचा: शुद्धीवर येईल का?

१९८५मध्ये डेव्हिड लेव्ही, फ्रेड प्लम आणि सहकाऱ्यांनी २१० रुग्णांच्या नोंदी मांडल्या. तपासणी साधीच, म्हणजे डोळ्यांत टॉर्च मारायचा, चिमटा काढून हात हलतो का बघायचं. पहिल्या तपासणीत ५२ जणांच्या बाहुल्या उजेडाला आकसल्या नाहीत. त्यांतला एकही पुढे आपलं आपण करण्याइतका सुधारला नाही. पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवसाची लक्षणं जास्त बोलकी होती. तिथून ‘तिसरा दिवस’ रुजला.

मग बर्फ आला. २००२मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांनी रुग्णाचं शरीर ३२ ते ३४ अंशांपर्यंत थंड ठेवल्यास मेंदू वाचतो असं दाखवलं, आणि जुना हिशेब डळमळला. थंडाव्यात गुंगीची औषधं शरीरातून सावकाश उतरतात. हात हलत नाही तो मेंदू गेल्यामुळे की औषधामुळे? २०१३च्या मोठ्या चाचणीत तर तापमानाचे उपचार संपल्यावर बहात्तर तास मोजले गेले. घड्याळ तेच, सुरुवात मात्र सरकली.

याहून खोल एक खोट आहे. डॉक्टर ‘आशा नाही’ म्हणतात, व्हेंटिलेटर काढला जातो, रुग्ण दगावतो आणि भाकीत खरं ठरल्याची नोंद होते. खोटं ठरायची संधीच न मिळालेलं भाकीत!

म्हणूनच २०२१च्या युरोपीय मार्गदर्शनात एका खुणेवर निवाडा नाही. बहात्तर तासांनंतरही रुग्ण बेशुद्ध असेल, तर बाहुल्या, मेंदूचा विद्युतआलेख, मनगटाच्या नसेला दिलेला झटका मेंदूपर्यंत पोचतो का, मेंदूच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एनएसई हे विकर, स्कॅन अशांपैकी निदान दोन वाईट खुणा जुळाव्या लागतात. जुळल्या नाहीत, तर थांबून पुन्हा तपासायचं.